पासंग

चौतीस वर्षं मी मुंबईचे काटे तपासले.
मशीद बंदरचे धान्याचे, भाऊच्या धक्क्यावरचे खारे,
झवेरी बाजारातले, जे नुसत्या उच्छ्वासानं हलायचे.
आधी रिकामी पारडी, मग शून्य, मग वजन, मग शिक्का.
एकदा भायखळ्याला एका पारड्याखाली
चिंचेचा गोळा सापडला, सुपारीएवढा.
मी पंचनाम्यात लिहिलं: चिंच, एक नग.

फेब्रुवारीत एका पहाटे उठलो
तर कन्नमवार नगर उजवीकडे वाहत होतं.
पंखा, कपाट, कालिंदीचा चेहरा,
सगळं एकाच दिशेनं.
मी पलंगाचा कठडा धरला
आणि धरूनही पडलो, डावीकडे.

बिल्डिंगमधले म्हणाले, कानातले खडे सरकले असतील.
सायनची फिजिओ नाझनीन म्हणाली, खडे जागेवर आहेत काका,
डाव्या कानाची नस गेली.
दोन पारड्यांतलं एक रिकामं झालंय,
आता मेंदूला नवं शून्य शिकवायचं.
आणि माझ्याच फोनमध्ये तिनं एक ॲप घातलं.

भिंतीवर ठ चिकटवलाय, नातीनं स्केचपेननं काढलेला.
फोन टकटक करतो, त्या तालावर
मान डावी, उजवी, डावी,
डोळे ठ वर.
पहिल्या आठवड्यात ठ ला शेपूट फुटायची,
त्याचा ढ व्हायचा.
ढ कोण, ते मला कळत होतं.

ॲपमधली बाई म्हणते,
आपले पाय एकत्र करा. आपण छान करत आहात.
इतकं 'आपण' मला कुठल्या साहेबानं म्हटलं नव्हतं.
फोन कंबरेला, कालिंदीच्या जुन्या परकराच्या नाडीनं बांधलेला.
ओट्याजवळ, पाय जुळवून, डोळे मिटून, तीस सेकंद.
तो माझं डुलणं मोजतो. अंशांत, दशांशासकट.
दुसरं कुणी घरात असं डुललं असतं
तर मी विचारलं असतं, किती घेतलीस?

मार्चमध्ये कंटाळलो.
एका मंगळवारी फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला
आणि तीस सेकंद पेपर वाचला.
डुलणं: शून्य. पडद्यावर फुगे, तारे.
संध्याकाळी नाझनीनचा फोन.
सावर्डेकर काका, तुमच्या टेबलाची तब्येत उत्तम आहे.
तुमची सांगा.

चौतीस वर्षं दुकानदारांनी माझ्यापुढे जी तोंडं केली
ती सगळी एकदम माझ्या चेहऱ्यावर आली.
कालिंदी गहू निवडत होती.
वर न बघता म्हणाली,
पंचनामा मी लिहू का?

एप्रिलात ठ ठच राहू लागला.
जिना उतरलो, कठड्याला फक्त दोन बोटं लावून.
खालच्या भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा
रिकामाच वीस ग्रॅम दाखवत होता.
म्हटलं, आधी शून्य कर बाबा.
तो म्हणाला, काका बरे झाले वाटतं.

काल गोधडीवर उभा राहिलो.
चार घड्या घातलेली, पायाखाली चिखलासारखी.
डोळे मिटले.
समोरची बिल्डिंग पाडताहेत, जमीनही थोडी डुलतेच,
ती ॲपमध्ये धरत नाहीत.
सात. आठ.
डावीकडे जायला लागलो, नेहमीसारखा,
तेवढ्यात मणक्यापाशी काहीतरी टेकलं.
बोट. एकच. ओलं, कांद्याच्या वासाचं.
ढकलत नव्हतं, धरतही नव्हतं.
सुपारीएवढं वजन असेल.

तीस.
आपण छान करत आहात.
फोनला कळलं नाही. नाझनीनलाही कळायचं नाही,
टेबल पकडणं वेगळं.
नियम मला पाठ आहे:
असा पासंग सापडला की काटा जप्त.

डोळे न उघडताच म्हणालो,
अजून एकदा घेऊ.